गरोदर बाईला नाही म्हणू नये

चौथा महिना लागला आणि एका सकाळी यागोदाची मळमळ आली तशी निघून गेली. तीन महिने कोबीच्या नुसत्या वासानं तिला उमळून यायचं. आता ती उभ्याउभ्या बरणीतल्या आंबवलेल्या काकड्या फस्त करू लागली. स्कर्टचं बटण लागेना, पण बघणाऱ्याला वाटावं, बाई अंगानं जरा सुटली आहे, एवढंच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता बरे दिवस आले. खा, हिंडा, वाजवावंसं वाटलं तर वाजवा, दम लागला की थांबा.

वाजवावंसं तर वाटतच होतं. गावच्या अग्निशमन दलाच्या बँडमध्ये ती लग्नाआधीपासून ट्रम्पेट वाजवत होती. आग विझवणाऱ्यांचा संत म्हणजे सेंट फ्लोरियन, त्याच्या सणाला चर्चच्या पायरीवर एकटीनं वाजवायची धून तिची. मळमळीच्या दिवसांत बँडमास्तर लुत्सियान यांनी ती आपल्या भाच्याला देऊन टाकली. भाच्याच्या ट्रम्पेटमधून सूर कमी आणि थुंकी जास्त निघे.

घरात अंमल सासूबाईंचा, म्हणजे बोगुमिलाबाईंचा. वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीखालून जाऊ नको, नाळ बाळाच्या गळ्याला गुंडाळते. किल्लीच्या भोकातून बघू नको, पोर तिरळं होतं. ट्रम्पेटचं नाव काढताच त्या म्हणाल्या, फुंकून फुंकून पोराचे गाल फुगतील ते जन्मभर तसेच राहतील. नवरा वित दोघींच्या मध्ये सापडला की त्याला गोठ्यातलं काम आठवायचं.

शेवटी यागोदा कुणालाही न विचारता मास्तरांकडे गेली.

"मास्तर, माझी धून मला परत द्या. गरोदर बाई मागतेय."

गरोदर बाईला नाही म्हटलं की उंदीर नाही म्हणणाऱ्याचे कपडे कुरतडतात, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मास्तरांनी तिच्या पोटाकडे पाहिलं.

"दिसत तर काहीच नाही. दिसायला लागलं की ये, मग बघू," म्हणाले आणि वर हसले.

यागोदा रडत घरी आली. या दिवसांत रडू लवकर येतं हे खरं, पण हे रडू दिवसांचं नव्हतं, अपमानाचं होतं. सासूबाई म्हणतील, बरं झालं, जिरली एकदाची, असंच तिला वाटलं. पण बोगुमिलाबाईंनी हातातला बटाटा खाली ठेवला.

"तोंडावर नाही म्हणाला?"

"हसलेसुद्धा."

"माझ्या सुनेला नाही म्हणायचा हक्क माझा. त्याला कुणी दिला?" असं म्हणून त्यांनी डोक्याला रुमाल बांधला आणि दलाच्या इमारतीत झाडलोट करायला निघून गेल्या. ते काम आणि तिथं टांगलेल्या गणवेशांची झटकझाड त्यांच्याकडेच असे.

दोन दिवसांत गावभर झालं, की मास्तरांच्या गणवेशाच्या पँटला, नेमकी बसायच्या जागी, उंदरांनी भोकं पाडली. बायकोनं मास्तरांना चांगलंच फैलावर घेतलं, गरोदर पोरीला नाही म्हणताना लाज नाही वाटली का म्हणून. संध्याकाळी मास्तर दारात हजर. भिंतीकडे बघत म्हणाले, धून तुझीच आहे, तूच वाजव.

सणाच्या दिवशी मास्तर मे महिन्याच्या उन्हात लांब ओव्हरकोट घालून उभे होते. यागोदाला मध्येच दम लागला, एक सूर अर्धा सुटला. तिनं श्वास घेतला, सूर पुन्हा पकडला आणि शेवटपर्यंत नेला. पहिल्या रांगेत बोगुमिलाबाई डोक्याच्या रुमालानंच डोळे पुसत होत्या.

परतताना यागोदा म्हणाली, "आई, उंदरांनी ऐकलं हो माझं."

"उंदरांना काय कळतंय, कोण गरोदर आणि कोण नुसतीच जाड," सासूबाई म्हणाल्या. "वित पोटात होता तेव्हा मला या सणात नाचायचं होतं. माझी सासू नाही म्हणाली. मी बाळंत होईपर्यंत उंदरांची वाट बघितली. एक मेला फिरकला नाही."

थोडं चालून त्यांनी सुनेचा हात धरला.

"तेव्हापासून नखं कापायची कात्री जवळ ठेवते."