चार फुटांचा चौथरा

तिचा अर्ज कधी परत आला नव्हता, म्हणून लोक तिला पासबाई म्हणत. लहान लहान वस्त्यांना पाण्याच्या योजनेसाठी पैसा मिळवून देणं हे तिचं काम. कुठला निधी कशाला मिळतो, लोकवर्गणी किती दाखवावी, उरलेल्या रकमेला बँक कोणत्या कागदावर कर्ज देते, सगळं तिला तोंडपाठ. एकवीस वस्त्या, एकवीस अर्ज, एकवीस मंजुऱ्या. कार्यालयात तिच्या टेबलामागच्या भिंतीवर एकवीस उद्घाटनांचे फोटो होते, आणि कुणी पाहुणा आला की तिची खुर्ची आपोआप थोडी बाजूला सरकायची. यश डोक्यात जायला जिना लागत नाही.

एकविसावी वस्ती नदीकाठची. तिची आई तिथंच राहायची, म्हणून त्या अर्जाचा तिला जरा जास्तच अभिमान. उद्घाटनाला वर्षही झालं नाही तोच नदीचं पाणी पंपघरात शिरलं. नदी काही फार चढली नव्हती. चार-पाच वर्षांतून एकदा चढते तेवढीच. पण मोटर गाळानं भरून निकामी झाली आणि एकशे चाळीस घरांचे नळ कोरडे पडले. कर्जाचा हप्ता तेवढा वेळेवर गेला.

बाराव्या दिवशी दुरुस्तीचा अर्ज लिहायला ती वस्तीत आली. आधी आईकडे गेली. आई नुकतीच टँकरच्या रांगेतून परतली होती, पदर अजून ओला होता. तिनं लेकीपुढे पाण्याचा पेला ठेवला. अर्धाच.

"एवढंच?" ती सवयीनं बोलून गेली.

"पुरवून वापरतोय गं," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं.

पाणी समितीची बैठक शिंपीणबाईंच्या दुकानात भरली होती. त्या समितीच्या अध्यक्ष. गळ्यात मोजायची टेप, समोर शिवणयंत्र, खाली चिंध्यांचा ढीग, आणि त्यातच जागा करून दहा-बारा माणसं दाटीवाटीनं बसलेली. दाराजवळच्या स्टुलावर मोटरमामा बसला होता. सव्वीस वर्षं वस्तीची मोटर तोच चालवायचा. आधी डिझेलचं इंजिन होतं, तेव्हापासून.

शिंपीणबाईंनी छापील अर्ज तिच्यापुढे सरकवला. "बिघाडाचं कारण" अशा मथळ्याखाली तीन चौकटी होत्या.

"हे बघा पासबाई, नैसर्गिक आपत्ती लिहिता येत नाही. एवढ्या पुराला ते पूर धरत नाहीत. आराखड्याची चूक म्हटलं की चौकशी, म्हणजे वर्ष गेलं. राहिला चालकाचा निष्काळजीपणा. त्याला विमा महिन्याभरात पैसे देतो. कुठल्या चौकटीत खूण केली की फाइल पळते, हे तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

"मग मामांचं काय?" तिनं विचारलं. खरं तर तिला माहीत होतं.

"नियमाप्रमाणे मामाला कामावरून काढावं लागेल," शिंपीणबाई खाली बघत म्हणाल्या. "आम्हाला का बरं वाटतंय? पण मोटर वर उचलून ठेवायला हवी होती की नाही?"

"एकट्याला उचलत नाही ती," मामा म्हणाला. कमरेच्या वर पाण्यात उभं राहून त्यानंच मेन स्विच बंद केला होता. नाहीतर मोटरबरोबर दोन-चार माणसंही गेली असती. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते लिहायला अर्जात चौकट नव्हती. मामानं मान खाली घातली. "लिहा बाई माझं नाव. पाणी येऊ दे एकदा."

तिनं पेन उघडलं आणि तिचे कान तापले.

कारण मोटर का बुडाली हे त्या खोलीत तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मूळ अंदाजपत्रकात मोटरखाली चार फुटांचा चौथरा होता. तो धरला की खर्च लहान कामांच्या मर्यादेच्या किंचित वर जायचा. मर्यादेच्या आत राहिलं की जागेची पाहणी नाही, वरच्या समितीपुढे जाणं नाही, सहा आठवड्यांत मंजुरी. तिनं चौथऱ्याची ओळ खोडली. पुढच्या टप्प्यात घालू, असं मनाशी म्हणाली. पुढचा टप्पा बहुतेक कधी येत नाही, हे एकवीस अर्ज लिहिलेल्या बाईला कुणी सांगायला नको होतं.

आणि एवढंच असतं तरी एक वेळ निभावलं असतं. याच दुकानात, शेवटच्या पानावर चालक म्हणून सही करताना मामानं विचारलं होतं, "बाई, चौथरा धरलाय ना?" तिला दुसऱ्या एका वस्तीत जायची घाई होती. "हो मामा, आहे सगळं," ती म्हणाली होती. मामानं पुढचं काही न वाचता सही केली. पंपघर बांधून झालं तेव्हा तिनं आत डोकावूनही पाहिलं नाही. फीत नळापाशी कापायची होती, फोटोही तिथंच काढायचा होता.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. इथं तर दोर वळायला चोरालाच बोलावलं होतं.

गप्प राहिलं असतं तर कुणाला काही कळणार नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. शिवाय वस्तीचं भलंही त्यातच होतं, पाणी लवकर आलं असतं. खोटेपणाला परोपकाराचं निमित्त मिळालं की माणूस किती निर्धास्त होतो, हे तिला त्या क्षणी स्वतःवरूनच कळलं, आणि स्वतःची किळस आली. पेनाचं टोक निष्काळजीपणाच्या चौकटीवर जाऊन टेकलंसुद्धा. मग तिला तो अर्धा पेला आठवला. तो तिनं एका घोटात संपवला होता, आणि आईला विचारलंही नव्हतं की तू प्यायलीस का.

तिनं आराखड्याच्या चुकीच्या चौकटीत खूण केली.

"आराखड्यात चौथरा होता," ती म्हणाली. मग पेन खाली ठेवून पुन्हा म्हणाली. "चौथरा होता. मी काढला, अर्ज लवकर पास व्हावा म्हणून. मामांनी मला विचारलं होतं. मी त्यांना खोटं सांगितलं."

शिंपीणबाईंचा पाय शिवणयंत्राच्या पायट्यावर तसाच राहिला.

"मग हा अर्ज पास होईल का?" शेवटी त्यांनी विचारलं.

"माहीत नाही." हे शब्द तिनं या कामात पहिल्यांदाच उच्चारले. "चौकशीत चूक माझी म्हणून लिहून देते. तातडीच्या निधीसाठी आजच वेगळा अर्ज करते. पण तीन महिने लागतील. कदाचित जास्त."

"म्हणजे तोवर आमच्या म्हाताऱ्यांनी रांगेत उभं राहायचं? तुमच्या फोटोंसाठी?" मागून कुणीतरी ओरडलं. त्या म्हाताऱ्यांत तिची आई होती, हे सांगून दया मागायचीही तिला लाज वाटली. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते तिला कळलं.

ती मामाकडे वळली. "तुम्हाला तर बांधकामाच्या वेळीच दिसलं असेल. तुम्ही का नाही बोललात?"

"बोललो असतो तर तुमचं नाव गेलं असतं. मग आमचे पुढचे अर्ज कुणी लिहिले असते?" मामा सरळ म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. त्यानं उठून शिंपीणबाईंच्या गळ्यातली टेप मागून घेतली. "आता चौथरा किती फूट लिहिणार?"

"चार."

"या वेळी बघून लिहा. चला."

सगळे मागोमाग निघाले. पंपघरात अजून कुबट वास होता. मोटर जमिनीवरच होती, गाळ वाळून तिच्यावर खपल्या धरल्या होत्या. भिंतीवर पाणी चढलं होतं तिथवर मातीची रेघ उठली होती. आणि तिच्या वर, स्वच्छ कोरड्या भिंतीवर, निळ्या खडूनं ओढलेली दुसरी रेघ होती. शेजारी मामाचं वाकडंतिकडं अक्षर: इथे मोटर.

"तुम्ही हो म्हणालात ना," मामा म्हणाला, "तर पंपघराच्या भिंती उभ्या राहिल्या त्याच दिवशी आखून ठेवली. गवंड्याला सोपं जावं म्हणून."

गाळाची रेघ खडूच्या रेघेखाली चार बोटांवर थांबली होती.

मामा गुडघे धरत खाली बसला आणि टेपचं टोक त्यानं जमिनीला टेकवून धरलं. तिनं दुसरं टोक निळ्या रेघेपर्यंत ओढलं. आकडा समोर स्पष्ट दिसत होता, पण तिच्या तोंडून तो निघेना.

"मोठ्यानं सांगा बाई," मामा खालून म्हणाला. "दाराशी लिहून घेतायत."