चालवणाऱ्यांनीच यावे

जाहिरात दोनच ओळींची होती. ‘जुन्या, वेगळ्या मोटरसायकली स्वस्तात विकणे आहे. चालवणाऱ्यांनीच यावे.’ खाली किमती होत्या, आणि त्या वाचूनच माझ्या मनात पाल चुकचुकली. साइडकार जोडलेली मोटरसायकल, तीही चालू स्थितीत, साध्या स्कूटरच्या भावात कोण देतं? आणि चालवणाऱ्यांनीच का? बाकीच्यांना असं काय दिसणार होतं?

मी कारखान्याच्या गेटवर आलेला माल तपासून घेतो. आयुष्य त्यातच गेलं. पेटीवर एक लिहिलेलं असतं आणि आत भलतंच निघतं, हे मला कुणी समजावून सांगायला नको. घरी बायको मला भिंग म्हणते. दूधवाला, डॉक्टर, तिचा सख्खा भाऊ, कुणालाही मी भिंगाखालून घातल्याशिवाय सोडत नाही, असं तिचं म्हणणं. भावाच्या बाबतीत मी बरोबर निघालो, ते सोडा.

पण ही गाडी तिच्यासाठीच हवी होती. ऑपरेशननंतर तिचा उजवा गुडघा वाकेनासा झाला. मोटरसायकलवर माझ्यामागे बसणं संपलं, बसमध्ये पाय मावेना आणि कार आमच्या ऐपतीबाहेरची. पूर्वी सुट्टी मिळाली की आम्ही दोघं कुठे जायचं ते न ठरवताच निघायचो. आता ती खिडकीशी बसून दुसऱ्यांच्या गाड्या बघते, आणि मला ते बघवत नाही. साइडकारमध्ये पाय सरळ पसरता येतो. आम्हाला परवडेल असं दुसरं वाहन मला सुचत नव्हतं.

निघताना मी बजावलं, “आवडली तरी चेहऱ्यावर दाखवायचं नाही.”

“मला काय आज सांगताय?” ती म्हणाली.

ही आमची जुनी पद्धत. दुकानात मी वस्तू निरखायची, तिने एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करून बाजूला उभं राहायचं. मी खोकलो की तिने म्हणायचं, “राहू द्या हो, चला.” निम्मे दुकानदार तिथेच नमतात. उरलेले नमत नाहीत, मग खरंच निघून यावं लागतं. गेल्या हिवाळ्यात एका हिरव्या कोटाच्या वेळी तसं झालं. दुकानदार ढिम्म हलला नाही, आम्ही हात हलवत घरी आलो आणि तिने पुन्हा त्या कोटाचं नावही काढलं नाही.

गाड्या विकणारा म्हातारा पूर्वी ड्रायव्हिंग शिकवायचा. तशी पुसट पाटी अजून दारावर होती. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याने आयुष्यभराच्या हौशी मांडून ठेवल्या होत्या. एक मोटरसायकल सुटकेससारखी घडी होणारी, एकीचं इंजिन मागच्या चाकाच्या आत बसवलेलं, एकीला हँडलच्या जागी चक्क मोटारीचं स्टिअरिंग. आमची कोपऱ्यात होती, काळी, बाजूला अंघोळीच्या टबासारखी साइडकार.

“कोण चालवणार?” म्हाताऱ्याने विचारलं.

“मी.”

“आणि बाजूला कोण बसणार?”

“बघू,” मी म्हटलं. ताकास तूर लागू द्यायची नाही.

“नेणार कुठे कुठे?”

विकणारा माणूस इतक्या चौकशा करत नाही. त्याला आपल्याला वाटेला लावायची घाई असते. म्हणून मीच विचारलं, “एवढी चांगली आहे, तर विकताय कशाला?”

“किक मारायचा पाय राहिला नाही.”

चालताना तर तो जराही लंगडत नव्हता. इथे नक्की पाणी मुरतंय, असं मी मनात म्हटलं आणि कामाला लागलो. इंजिनला हात लावला. गार होतं. गरम असतं तर आधीच चालू करून ठेवलंय असा संशय घेतला असता. गार होतं म्हणून बंदच पडलंय असा घेतला. खिशातून लोहचुंबक काढून टाकीवर फिरवलं, पत्र्याखाली कुठे पुट्टी भरली आहे का बघितलं. इंजिनचा नंबर, चेसिसचा नंबर, दिव्याच्या काचेवरचा नंबर, सगळ्यांचे फोटो घेतले.

“दिवा मूळचा का? आणि ठिणगी पाडणारा मॅग्नेटो?”

“सगळं मूळचं आहे.”

“साइडकार सुटी निघते?” मला सांध्यावरचं वेल्डिंग बघायचं होतं, इतकंच. पण म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. सापडला, मला वाटलं. मी खोकलो.

“राहू द्या हो, चला,” बायको म्हणाली. “त्या डब्यात कोण बसणार?”

डब्याचं तिने पदरचं घातलं होतं. मला आवडलं.

“बरोबर बोलल्या बाई,” म्हातारा म्हणाला. “या तुम्ही.”

“थोडं कमी केलंत तर विचार करू,” मी म्हटलं.

“कमीजास्त काही नाही. तुम्हाला द्यायचीच नाही.”

तो शांतपणे गाडीवर कापड टाकू लागला. “तुमच्यासारखे येऊन गेलेत. घरच्यासाठी हवी म्हणतात, बायकोला बरोबर आणतात आणि आठवड्याभरात गाडी खोलून दिवा एकाला, मॅग्नेटो दुसऱ्याला. अख्ख्या गाडीपेक्षा तुकड्यांचे जास्त पैसे येतात. चालवणारा माणूस आधी बसून बघतो. तुम्ही मघापासून सीटला हात लावला नाहीत. आणि बाईंना तर ती बघवतही नाही.”

माझं डोकं फिरलं. जन्मभर मी लबाड पकडले आणि हा मला लबाड म्हणत होता. रागाच्या भरात मी सगळं ओकून टाकलं, तिचा गुडघा, बस, खिडकी.

“मग आल्या आल्या का नाही सांगितलंत?”

“तुम्ही किमतीवर अडून बसला असता म्हणून.”

“पाय दुखणाऱ्या बायकाही या शेडमध्ये पुष्कळ येऊन गेल्या,” तो म्हणाला. त्याचा विश्वास बसला नव्हता. त्याच्या जागी मी असतो तर माझाही बसला नसता. मग तो तिच्याकडे वळला. “तुम्ही सांगा, बाई. तुम्हाला हवी आहे?”

तिने माझ्याकडे बघितलं.

ती रागावलेली नव्हती. मी खोकतो का, ते बघत होती. स्वतःला काय हवं हे सांगण्याआधी ती माझ्या खुणेची वाट बघत होती, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पाठ फिरवली आणि भिंतीवर टांगलेल्या जुन्या साखळ्यांकडे बघत उभा राहिलो. घशात खरोखरच खवखवत होतं. तोंड गच्च मिटून धरलं.

मागे कापड ओढल्याचा आवाज आला. मग पत्रा कुरकुरला, तिचा एक मोठा श्वास ऐकू आला. म्हातारा म्हणाला, “सावकाश, इथे धरा.”

“मावतो,” ती म्हणाली. आवाज खालून आला. “पाय पूर्ण मावतो.”

मी वळलो. साइडकारमध्ये ती पाय लांब करून बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मी सांगितलेलं काहीही नव्हतं.

“हवी आहे,” तिने म्हाताऱ्याला सांगितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तो हिरवा कोटही हवा होता.”

म्हाताऱ्याने आळीपाळीने आमच्याकडे बघितलं. “कोटाचं मला माहीत नाही,” तो म्हणाला आणि किल्ली तिच्या हातात दिली. “पण तुमच्या पायाशी एक कांबळं आहे, ते घ्या अंगावर. वाऱ्याने गारठायला होतं.”