गाय न खाल्लेल्या माणसाचं रक्त

कोबेनं उल्हाससरांचं रक्त घेतलं नाही. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. सर आत्ता कुठे कडक इस्त्रीचा शर्ट घालून रक्तदान केंद्रात शिरतायत. शेजारी सुप्रभाकाकू, मागे मी, अद्वय, त्यांचा शेवटचा पीएचडीचा विद्यार्थी. सगळं छान होणार आहे.

गेल्या वर्षी कोबेतच झालेल्या ऑपरेशनमध्ये काकूंना अनोळखी जपानी माणसांचं रक्त चढवलं. निवृत्त होऊन पुण्याला परतायच्या आत सरांना ते फेडायचं होतं. पण सर सुईला घाबरतात. हिंमत गोळा करण्यात वर्ष गेलं. पासष्टी उलटली की पहिल्यांदा रक्त देता येत नाही, आणि पासष्टी सोमवारी होती.

स्क्रीनवर प्रश्न आला: १९८० ते १९९६ या काळात ब्रिटनमध्ये महिनाभर किंवा जास्त राहिलात का?

सरांची मान ताठ झाली. "लीड्स. पोस्टडॉक. दोन वर्षं."

"सर, 'नाही' दाबा," मी पुटपुटलो. "गायीला कळणार नाही."

नर्सबाईंनी समजावलं. तेव्हा तिकडे गायींना मेंदूचा जीवघेणा रोग झाला होता. मांसातून तो माणसांत आला. औषध नाही, आणि रक्तातूनही जाऊ शकतो.

"मी तिथे बटाट्यांवर जगलो," सर म्हणाले. "अंडं असतं म्हणून केकसुद्धा नाही."

"मी साक्षीला आहे," काकू म्हणाल्या. "यांच्या खाण्याचे नखरे हाच काय तो रोग."

नर्सबाई माफी मागत कमरेत वाकल्या. नियम खाण्याचा नव्हता, राहण्याचा होता.

"सर, दुसऱ्या केंद्रात जाऊ. तिथे लीड्स विसरा."

"अद्वय, या देशानं माझी हरवलेली छत्री तीनदा परत केलीय. त्याच्या रक्तात मी खोटं मिसळू?"

मग रक्त द्यायला मीच आडवा झालो खुर्चीत. मी गेल्याच आठवड्यात कोबे बीफ खाल्लं होतं. ते कोणी विचारलं नाही, काकूंनाही सांगू नका. सरांनी माझा हात धरला आणि सुईकडे पाठ केली. नंतर नर्सबाईंनी त्यांनाही आइस्क्रीम देऊ केलं. "मी रक्त दिलेलं नाही," म्हणत त्यांनी ते परत केलं. असा गाईड मिळाल्याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला. मी दोन्ही खाल्ली.

घरी पोचल्यावर त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं:

'ब्रिटिश सरकारास सविनय विनंती की, अर्जदाराचे लीड्स येथील दोन वर्षांचे वास्तव्य पूर्वलक्षी प्रभावाने रद्द करून तसा दाखला सोमवारपूर्वी कोबे येथे पोहोचता करावा. त्या काळात लिहिलेले शोधनिबंध मात्र कायम ठेवावेत.'