खंडेनवमीला पुजलेली पक्कड

मित्रांनो, मी एक जुनी घडीची पक्कड आहे. जुनी म्हणजे चार-पाच वर्षांची, पण आमच्यातल्या निम्म्याजणी एवढ्या दिवसांत भंगारात जातात. उघडली की पक्कड, मिटली की मुठीत मावेल एवढी. माझ्या दोन दांड्यांच्या आत छोटा चाकू, कात्री, कानस आणि दोन स्क्रू ड्रायव्हर मिटून बसलेले असतात. लोक मला मल्टीटूल म्हणतात. म्हणोत बापडे! आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते, मी स्वभावानं संशयी आहे. कोणी गोड बोलायला लागलं की मला आधी वाटतं, याला नक्की काय पाहिजे?

त्याला कारणही तसंच आहे. जन्मल्यापासून माझ्यावर पटकन विश्वास कोणी ठेवलाच नाही. कारखान्यात माझ्याकडून तारा तोडून घेतल्या, पाण्यात बुडवून गंज चढतो का बघितलं, उघडझाप करून करून जीव नकोसा केला. मग मी शहागंजातल्या रऊफचाचांच्या दुकानात, काचेच्या कपाटात येऊन पडले. तिथं गिऱ्हाईक यायचं, माझी सगळी पाती बाहेर काढायचं, धार नखावर घासायचं आणि 'येतो फिरून' म्हणून जायचं. फिरून आलेला एकही माझ्या आठवणीत नाही.

अशात एक दिवस बद्रीनाथ आला. वाळूजच्या एका कंपनीत फिटर, राहायला रांजणगावात. पोरगी सायली दहा वर्षांची होणार होती, तिला द्यायला त्याला माझ्यासारखंच काहीतरी हवं होतं. रऊफचाचांनी चष्म्यावरून त्याच्याकडं बघितलं.

"क्या मियाँ, बच्ची के वास्ते चाकू? गुडिया ले जाव ना."

"बाहुली दिली की तिचं पोट फाडून आत काय हाय ते बघती, चाचा," बद्रीनाथ म्हणाला. "भिंतीवरचं घड्याळ खोललं, गॅसचा लायटर खोलला. परवा मिक्सरचे स्क्रू विळीच्या टोकानं काढत होती. बोट तुटायचं एखांद्या दिवशी. त्यापरीस नीट हत्यारच देतो हातात."

चाचांनी आम्हा चौघींना काउंटरवर मांडलं. हा बाबा माझ्याहूनही संशयी निघाला! एकीला हातात तोलून 'लई जड' म्हणून बाजूला सारलं. लाल दांड्यांवालीचा सांधा हलवून बघितला, तो ढिला होता. तिसरीचा चाकू उघडून त्यानं उलट्या बाजूनं दाबला, तर तो थेट अंगठ्यावर मिटला. "पोरीचं बोट गेलं असतं की," म्हणत त्यानं तीही नाकारली. मग माझा चाकू उघडून दाबला. मी खटका घट्ट धरून ठेवला. त्यानं खिशातून एक दोरा काढला. पोरीच्या तळहाताचं माप होतं ते, झोपेत घेतलेलं. ते माझ्या दांडीला लावलं, बरोब्बर बसलं.

"चायना माल तर नाय ना?"

"आधी दुनिया चायना की हय मियाँ, तुम चला के देखो!"

शेवटी त्यानं मला घेतलं. चाचांनी कागदात गुंडाळलं आणि मी खिशात गेले.

आता बद्रीनाथच्या घरची एक रीत सांगते. नवं हत्यार पुजल्याशिवाय कुणाच्या हातात द्यायचं नाही, असं त्याच्या वडिलांनी त्याला शिकवलं होतं. खंडेनवमी चार दिवसांवर आलेली. पण घरी पुजायचं तर सायलीची आई संध्या विचारणार, हे कुणासाठी? पोरीच्या हातात चाकू म्हटल्यावर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून त्यानं ठरवलं, कंपनीत पुजू. तिथं नवमीला सगळ्या मशिनींना झेंडूच्या माळा पडतात, पाने, हातोड्या मांडून हळदकुंकू वाहतात. आपली एवढीशी पक्कड त्यांच्यात ठेवायला काय हरकत आहे?

हरकत होती. कंपनीत स्वतःचं अवजार नेलं तर गेटवरच्या रजिस्टरात ते लिहावं लागतं. त्या सकाळी बद्रीनाथच्या एका हातात नारळ, दुसऱ्या हातात फुलांची पिशवी, मागं बसमधून उतरलेल्या माणसांची रांग. पहारेकरी सोमनाथच म्हणाला, "जाऊ द्या, जाऊ द्या, पूजेचा टाइम झाला." झालं, मी न लिहिताच आत गेले. मला त्या पाना-हातोड्यांच्या शेजारी ठेवलं, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी न तपासता नमस्कार केला. मला बाई ते जरा जास्तच वाटलं.

शिफ्ट सुटली. गेटवर झडती. सोमनाथचा हात बद्रीनाथच्या खिशावर थांबला.

"ह्ये काय?"

"माझं हाय. पोरीसाठी घेतलंय."

"सकाळी लिवलं का?"

"नाय. नारळ होता ना हातात. तूच म्हनला जाऊ द्या."

"मंग कंपनीच्या पूजेतलं कुंकू याच्यावर कसं काय?"

सगळं सांगूनही कोणाला पटेना. त्या महिन्यात स्टोअरमधून हत्यारं गायब झालेली होती आणि जो तो दुसऱ्याकडं डोळे बारीक करून बघत होता. स्टोअरचे साहेब काकासाहेब आले. पावती आहे का, म्हणाले. शहागंजात असल्या वस्तूची पावती कोण मागतो? दुकानदाराला फोन लावतो म्हटलं, तर "तो तुमच्याच ओळखीचा" म्हणाले. "परवा सकाळी या. कार्ड इथं ठेवा. कामावर घ्यायचं की नाही, ते तेव्हा बघू." रांगेतली माणसं आपापल्या बुटांकडं बघत उभी राहिली. पंधरा वर्षांच्या नोकरीत बद्रीनाथवर कोणी बोट ठेवलं नव्हतं.

मी गेटवरच्या टेबलाच्या खणात, जप्त केलेल्या तंबाखूच्या पुड्यांमध्ये पडले. आणि मित्रांनो, लाज वाटते सांगायला, पण सांगते. तिथं पडल्या पडल्या मलाही शंका यायला लागली. दुकानात पैसे देताना मी कागदात होते. मी काही डोळ्यांनी बघितलं नव्हतं. दिले असतील ना त्यानं? ज्यानं मला निवडून घेतलं, त्याच्यावरच मी संशय घेतला.

घरी काय झालं, ते मला सायलीनं नंतर सांगितलं. स्क्रू फिरवताना ती माझ्याशी सगळं बोलते. बद्रीनाथ जेवायला बसला होता. संध्या आधी चाकूवरून चिडली, "मला न विचारता घेतलंच कसं?" म्हणाली. मग हळूच म्हणाली, "खरं सांगा. कंपनीतलं तर नाय ना?"

त्यानं ताट सरकवलं. दसऱ्याला शेजारीपाजारी सोनं द्यायला आले, तर पोट दुखतंय म्हणून हा आत पडून राहिला.

तिसऱ्या दिवशी तो गेटवर आला, मागं संध्या आणि सायली. संध्या सोबत म्हणून आली होती की स्वतःच्या डोळ्यांनी बघायला, मला अजून कळलेलं नाही. काकासाहेबांनी मला खणातून काढून टेबलावर ठेवलं आणि पुन्हा तेच प्रश्न सुरू केले. बद्रीनाथची मान खाली ती खालीच.

सायली माझ्याकडं एकटक बघत होती. मध्येच म्हणाली, "काका, तुमचं काय काय हरवलंय?"

"म्हणजे?"

"म्हणजे यादी असंल ना. आमच्या शाळेत प्रयोगशाळेची असती. त्या यादीत अशी पक्कड हाय का?"

संध्यानं तिचा दंड धरला. काकासाहेबांनी सोमनाथकडं बघितलं, सोमनाथनं छताकडं. मग स्टोअरमधून रजिस्टर आलं. काकासाहेबांचं बोट वरून खाली सरकत गेलं. नट आवळायचे दोन पाने, एक हातोडी, मोजमापाचा एक व्हर्निअर. घडीची पक्कड हरवलेली नव्हती, कारण कंपनीनं तसली कधी घेतलीच नव्हती. एका माणसाची भाकरी टांगणीला लावली होती आणि तीन दिवसांत ते रजिस्टर कोणी उघडलंसुद्धा नव्हतं! मला इतका संताप आला म्हणून सांगू.

"ठीक आहे," काकासाहेब म्हणाले. "पुढच्या वेळी एंट्री करत चला." कार्ड परत दिलं. माफीबिफी काही नाही.

गेटबाहेर बद्रीनाथनं मला सायलीच्या हातात ठेवलं. "घे. लई दिवस वाट बघायला लावली." संध्या पुढं आली. "चुकलं माझं," म्हणाली.

"त्यांनी विचारलं त्याचं काय नाय," बद्रीनाथ म्हणाला. "त्यांचा मी कोण लागतो? तू विचारलंस."

त्यानंतर त्यानं एक नवीनच काढलं. कामावरून आला की दारातच दोन्ही खिसे उलटे करायचे. रुमाल, किल्ली, कार्ड, बसचा पास, सगळं टेबलावर संध्यापुढं मांडायचं आणि मग पाणी प्यायचं. संध्या रोज म्हणायची, "राहू द्या हो, नका ना असं करू." तो म्हणायचा, "सवय झालीय." आवाज चढवायचा नाही, हसायचाही नाही. असं दिवाळी गेली, संक्रांत गेली. मी खिडकीत ठेवलेल्या सायलीच्या सामानाच्या डब्यातून बघत होते आणि मला वाटत होतं, याचा राग काही जात नाही आता.

एका संध्याकाळी संध्या नुसतं 'राहू द्या' म्हणून थांबली नाही. उठली, टेबलावरची एकेक वस्तू उचलली आणि त्याच्या खिशात परत ठेवत गेली. रुमाल, किल्ली, पास. कार्ड शेवटी, शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं आणि त्याचं बटण लावलं. रडत होती. बद्रीनाथ उभा राहिला, हलला नाही. दुसऱ्या दिवशी तो आला, चपला काढल्या आणि सरळ पाणी मागितलं.

मित्रांनो, माझा गंज सायली दर महिन्याला तेलाच्या फडक्यानं काढते, माझं बरं चाललंय. तुमच्या घरातल्या हत्यारांनाही तेवढं तेल दाखवत जा. पण तुमच्या एखाद्या प्रश्नानं घरातलं कोणी असं खिसे उलटे करून उभं राहत असेल, तर लांबून 'राहू द्या' म्हणत बसू नका. उठा, आणि तुमच्या हातानं ते खिसे परत भरा. त्या खणात पडून मीही त्याच्यावर संशय घेतला होता, पण मी अजून ते केलेलं नाही. मला हात नाहीत.