मुक्कामी गाडीचा रकाना

“जागा कमी पडली तर पंगत मोड, आशे, पण कुणाचं पान आखडू नगं.” भैरवनाथाच्या भंडाऱ्यात गोजरआत्या वाढणाऱ्या पोरींना दरवर्षी हे बजावायची. आत्या जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती.

घोडेगावच्या स्टँडामागं आशाचा कॉम्प्युटर क्लास होता. डोंगराकडच्या गाड्यांच्या वेळा तिनं वेबपेजवर टाकल्या होत्या. पेज म्हणजे पान, हेही तिनंच सगळ्यांना समजावलेलं. डिंभ्याच्या गाड्या ओळीनं चार रकान्यांत होत्या: पहाटेची, सकाळची, दुपारची आणि अगदी उजवीकडं, रात्री गावातच थांबणारी मुक्कामी.

दिवाळी तोंडावर आली होती. संकष्टीचा दिवस, आशा नुकती अथर्वशीर्ष म्हणून कामाला बसली होती. तेवढ्यात डिंभ्याच्या भिमाबाई आल्या आणि पिशवी टेबलावर आपटून म्हणाल्या, “काय गं, तुझ्या पानात मुक्कामी गाडी वाढलीच न्हाईस व्हय?”

“आहे की मावशी. ही बघा, कडेला.”

“तुला दिसती. माझ्या लेकीला, संस्कृतीला, भोसरीच्या नेट कॅफेत न्हाई दिसली. दसऱ्याला आलीच न्हाई पोरगी. मी आपली फाट्यावर बसून. गाडी आली, डायवर उतरला, कंडक्टर उतरला. त्यांनाच पुरणपोळी वाढू का म्हनलं!”

“फोन करून सांगायचं ना तिला.”

“सांगितलं की! तर म्हनती, आई, तू मला बोलवायला काय बी सांगशील, काम्पुटरवर गाडी न्हाई.” भिमाबाईंचा आवाज उतरला. “आता दिवाळीला बी तेच म्हनंल. आईपरीस तुझं पान खरं झालंय, बाय.”

आशाच्या ध्यानात आलं. तिनं पानाची रुंदी स्वतःच्या मोठ्या मॉनिटरला धरून आखली होती. जुन्या, लहान मॉनिटरवर उजवी कड बाहेरच राहत असणार. खालची पट्टी सरकवून बघायचं कुणाच्या डोक्यात येतंय?

“मावशी, मुक्कामी कुठल्याही पडद्यावर दिसेल. लहान पडद्यावर मी स्वतः बघून येईन, मगच तुम्हाला सांगेन.”

भिमाबाई गेल्यावर तिनं रुंदीचे ठरलेले आकडे काढून टक्के घातले, म्हणजे पडदा लहान असला की रकानेही तेवढेच आखडतील. माउसनं पडद्यावरची पानाची खिडकी आवळून पाहिली. मुक्कामी आत आली खरी, पण चारही रकाने एकमेकांच्या अंगावर आले. गावाचं नाव एका ओळीत, वेळ दुसरीत, फाट्याचं नाव तिसरीत. कुठली वेळ कुठल्या गाडीची, कळेना.

सगळ्यांची पानं आखडली होती. आशाला आत्याची आठवण झाली आणि ती एकटीच हसली.

तिनं तक्ता मोडला. प्रत्येक गाडीला ऐसपैस चौकट दिली. जागा संपली की पुढच्या चौकटीनं आपण होऊन खालच्या ओळीत बसायचं. खिडकी पुन्हा आवळली. मुक्कामी खाली उतरली, नाव-वेळ सगळं घेऊन, काही न सांडता.

पण आवळलेली खिडकी म्हणजे काही लहान पडदा नव्हे. तसा जुना मॉनिटर पारगावला, साखर कारखान्याजवळच्या कॅफेत होता. मंचरला गाडी बदलायची, म्हणजे चंद्रोदयाला घरी पोचणं अवघड.

आशानं नवं पान नेटवर चढवलं. गणपतीसाठी आणलेल्या दूर्वा ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवल्या, क्लासला कुलूप लावलं आणि ती स्टँडाकडं चालू लागली.