पूनमचे पप्पा वेल्डिंगला आहेत

ज्ञानेशची पहिली शिफ्ट दुपारी तीनला सुटायची. त्यापुढचे दोन-तीन तास झोपेचे. एप्रिलपर्यंत तरी होते. मे महिन्यात कंपनीने महाळुंग्याच्या शाळेत, दहावीची परीक्षा दिलेल्या मुलांसाठी उन्हाळी वर्ग काढला आणि मेंटॉर म्हणून जी नावं वर गेली त्यांत ज्ञानेशचंही गेलं. त्याला कुणी विचारलं नव्हतं. एचआरच्या दिपाली मॅडमनी अभिनंदनाचा मेल पाठवला आणि खाली वेळ दिली होती, रोज चार ते सहा.

सुरुवातीला त्याने मनावर घेतलं होतं. बावीस मुलं, बहुतेकांचे आईबाप नांदेड, परभणी, बीडकडून कामासाठी आलेले, आणि ज्ञानेश स्वतः उदगीरचा. आपलीच पोरं, असं त्याला वाटलं होतं. पण डोक्यावर पत्रे, वर्गात एकच पंखा, आणि हातात दिलेल्या पुस्तकात रोज नवा धडा. ध्येय कसं ठरवावं, अपयशाकडे कसं बघावं. तिसऱ्या आठवड्यात त्याला स्वतःचाच आवाज उसना वाटायला लागला. खडू हातात घेऊन फळ्याकडे वळला की उभ्याउभ्या डोळा लागायचा.

त्यातल्या त्यात बोलावंसं वाटावं अशी एक पूनम होती. ज्ञानेश कंपनीत रोबोटच्या देखभालीवर आहे हे कळल्यापासून ती रोज एक प्रश्न घेऊन यायची. रोबोटला दिसतं का, त्याचा हात चुकला तर त्याला कसं कळतं. एकदा वर्ग सुटल्यावर म्हणाली, "सर, माझे पप्पा पण तुमच्याच कंपनीत आहेत. वेल्डिंगला."

"अरे वा," ज्ञानेश म्हणाला आणि बॅग उचलून निघाला. नाव विचारलं नाही. कंपनीत दोन हजार माणसं, आणि त्याच्या डोळ्यांपुढे तेव्हा फक्त खाट होती.

चौथ्या आठवड्यात मुलांना कंपनी दाखवायची होती. मापाला मोठे बूट आणि पिवळी हेल्मेटं घालून बावीसजण रांगेत निघाले. पूनम सगळ्यांत पुढे. "सर, आधी वेल्डिंग लाइन बघू ना. पप्पांना मी सांगितलंच नाही येणार म्हणून. मी एकदम समोर दिसले पाहिजे."

वेल्डिंग लाइनवर जाळीच्या आत सहा रोबोट वाकत होते, सरळ होत होते. ठिणग्या उडत होत्या. माणूस एकही नव्हता.

"पूनम, तुझे पप्पा रोबोट आहेत का गं?" मागून प्रज्वल म्हणाला आणि सगळे हसले. पूनमही हसली, पण टाचा उंचावून जाळीपलीकडे बघत राहिली.

तेवढ्यात मागच्या गल्लीतून भंगाराची ट्रॉली आली. पत्र्याचे कापलेले तुकडे काठोकाठ भरलेले, आणि ती ढकलणारा चाळिशी उलटलेला, सावळा माणूस. ज्ञानेश त्याला रोज बघायचा. सगळे त्याला स्क्रॅपवाले काका म्हणायचे.

"पप्पा," पूनम म्हणाली.

माणूस थबकला. मग मान खाली घालून म्हणाला, "बाजूला व्हा, बाजूला व्हा. ट्रॉली येऊ द्या."

इथे ज्ञानेशने गप्प बसायला हवं होतं. पण त्याला वाटलं, पोरगी हिरमुसली, आपण काहीतरी केलं पाहिजे. आणि थकलेला माणूस करतो तसं त्याने पहिलं सुचलं ते केलं. सगळ्यांसमोर मोठ्याने हाक मारली. "काका, थांबा की! ही तुमची मुलगी ना?"

त्या माणसाने बावीस पोरांकडे पाहिलं. हेल्मेटाखालचा घाम पुसला. "नाही साहेब," तो म्हणाला. "काहीतरी चूक व्हायली तुमची."

आणि ट्रॉली ढकलत निघून गेला. पूनम उरलेली सगळी कंपनी रांगेच्या शेवटी राहून चालली.

दुसऱ्या दिवशी ती वर्गाला आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दिपाली मॅडमचा फोन मात्र आला, "समारोपाला पूनमलाच बोलायला लावा. वडील आपल्याकडे, मुलगी आपल्या वर्गात; पाहुण्यांना आवडेल." ज्ञानेश हो म्हणाला. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

सोमवारी कँटीनमध्ये तो माणूस स्वतःच ताट घेऊन त्याच्यासमोर येऊन बसला. जेवला नाही. "मी सोपानराव. पूनमचा बाप," तो म्हणाला. "साहेब, तीन दिवस झाले, पोरगी माझ्याशी बोलंना. घरी मी खोटं बोलायलो असं वाटतंय तिला. मी वेल्डर होतो, साहेब. सहा वर्षं त्या लाइनवर होतो. रोबोट आले आन् मला ट्रॉलीवर टाकलं. दीड वर्ष झालं. आज सांगू, उद्या सांगू, करत राहिलो. तुम्ही एकदा येऊन सांगा तिला. तुमचं ऐकती ती."

ज्ञानेशला त्या दिवशी सकाळपासून ताप असल्यासारखं वाटत होतं. पण वर्ग आटोपून तो गेला.

निघोज्याच्या रस्त्याला एका ओळीत बारा खोल्या होत्या, त्यांतली सातवी. पूनमच्या आईने पाणी दिलं, खुर्ची दिली आणि चहा ठेवला. पूनम भिंतीला टेकून बसली होती. तिने वर पाहिलं नाही.

"पूनम, चूक माझी झाली," ज्ञानेश म्हणाला. "असं सगळ्यांसमोर विचारायला नको होतं मी."

"तुम्ही खरं तेच विचारलं, सर."

"तुझे पप्पा खरंच वेल्डर होते."

"ट्रॉलीचं मला काहीच नाही," ती म्हणाली. "ट्रॉली ढकलतात तर ढकलू द्या. मी त्यांची पोरगी नाही म्हणाले, ते लागलं." आणि मग इतके दिवस दाबून ठेवलेलं रडू आलं.

सोपानराव उंबऱ्याजवळ उभे होते. ते आत आले आणि लेकीपासून हातभर अंतरावर बसले. "माझी जीभ झडली का नाही तवा," ते म्हणाले. "तू माझ्याकडं बघायलीस आन् मी भंगारात. मला वाटलं, मी नाही म्हणलो तर तुला तरी कुणी हसणार नाही."

पूनमने डोळे पुसले. आईने चहाचे कप आणून ठेवले. ते कुणी उचलले नाहीत.

मग सोपानरावांनी ज्ञानेशकडे पाहिलं. "तो तुमचा तीन नंबरचा रोबोट हाय ना साहेब, गाडीच्या दरवाजाच्या चौकटीला टाके मारतो तो. आधी खालचा कोपरा घेतो, मग वरचा. तसं का, माहीत हाय? वरून सुरू केलं तर पत्रा ताणून वाकडा होतो. हे त्या इंजिनियर पोराला मी दाखवलं. दोन दिवस उभा होतो त्याच्याजवळ. तो विचारायचा, मी सांगायचो, तो मशिनीत भरायचा."

ज्ञानेश दीड वर्ष त्या रोबोटचे सांधे तपासत होता. तो क्रम कुणाचा, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता.

"मग तुम्हीच शिकवलं त्याला?" पूनमने विचारलं. तीन दिवसांत बापाशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

"व्हय."

"मग तुम्हाला का काढलं तिथून?"

सोपानराव ज्ञानेशकडे बघायला लागले. पूनमनेही त्याच्याकडे पाहिलं. वर्गात ती प्रश्न विचारून अशीच थांबायची. ज्ञानेशजवळ पुस्तकातले पंचवीस धडे होते, त्यांतला एकही इथे उपयोगाचा नव्हता.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "आणि माहीत असल्यासारखं बोलणार नाही."

समारोपाच्या दिवशी पूनम आली, पण बोलायला उभी राहिली नाही. ज्ञानेशने दिपाली मॅडमना आधीच सांगून ठेवलं होतं, तिला लावू नका. मॅडम नाराज झाल्या. मग वर्गातली उझ्मा बोलली आणि छान बोलली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो झाले. सोपानराव रजा टाकून आले होते. कुणी ओळख विचारायच्या आधीच ते शेजारच्या माणसाला सांगत होते, "ती खिडकीजवळची, ती माझी."

निघताना दिपाली मॅडम म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तुमचंच नाव पाठवते हं."

"विचारून पाठवा, मॅडम," ज्ञानेश म्हणाला. एवढंच बोलायला त्याला सहा आठवडे लागले होते.

तो चालत नाक्यावर आला. बस यायला वेळ होता. कट्ट्यावर बसल्याबसल्या त्याचा डोळा लागला, आणि पहिली बस निघून गेली ती त्याला कळलीच नाही.