काचपेटीतला सॅटर

संजीवने फ्रीमाँटच्या घरी शनिवारी दुपारी वीसेक माणसं जेवायला बोलावली होती. खरं निमित्त त्याने लिलावात घेतलेल्या कपाटाचं. शैलजाकाकूंना तो स्वतः गाडीने घेऊन आला. काकू त्याच्या आईची मैत्रीण. मेलेल्या अर्भकांची तपासणी करण्यात एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या डॉक्टर.

"साडेतीनशे वर्षांपूर्वीचं आहे, काकू. तेव्हा युरोपातले सरदार जगातलं सगळं अजब असं एका कपाटात जमवायचे."

पोवळ्याच्या फांद्या होत्या, शहामृगाचं अंडं होतं, वाळका मासा कातरून केलेला ड्रॅगन होता. खालच्या खणात काचेची पेटी.

"आणि हा सॅटर. ग्रीक पुराणातला, वर माणूस, खाली बोकड. पाहुण्यांना खरा म्हणून दाखवायचे. वरचा भाग माकडाचा आहे, ऑक्शनवाल्यांनी लिहून दिलंय."

लोक फोटो काढत होते. एकाच्या समोशातली चटणी काचेवर सांडली. त्याने ती बोटाने पुसली आणि बोट चाटलं. काकूंनी हातातली प्लेट खाली ठेवली.

त्या वाकल्या. झाकणाच्या फटीतून कापूर आणि खवट चरबीचा वास येत होता. कपाळात दोन शिंगं खुपसलेली, डोक्यावर चिकटवलेली लव. पण वरच्या ओठावर नाकापासून उतरलेली, माणसाच्या ओठावर असते ती लहानशी पन्हळ होती. नखं बोटांच्या टोकांपर्यंत आलेली. कमरेशी बोकडाचं कातडं जोडलेलं, टाके बारीक, एकसारखे. क्षणभर ते टाके त्यांना आवडले, आणि त्या आवडण्याचीच त्यांना शिसारी आली.

"संजीव, हे माकड नाही. पूर्ण दिवसांचं बाळ आहे."

तो हसला. मग त्यांना बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "काकू, प्लीज, आत्ता नको. सगळे आहेत."

"सगळ्यांसमोरच ठेवलंयस की."

"आता याचं वाईट वाटून घेणारं तरी कोण उरलंय?"

काकू बाथरूममध्ये जाऊन ओकल्या. चूळ भरली आणि तिथूनच काउंटीच्या कोरोनर ऑफिसला, बेवारस मृतदेहांची चौकशी करणाऱ्या कचेरीला, फोन लावला. बाहेर आल्या तेव्हा संजीवची बायको प्रीता पेटीवर चादर टाकत होती. चादर काढायला आलेल्या संजीवचा हात तिने बाजूला केला.

सोमवारी त्या ऑफिसची माणसं येऊन पेटी घेऊन गेली. एक्स-रेमध्ये माणसाच्या बाळाची हाडं दिसली, कमरेपर्यंत. त्याखालची नव्हती. बाकीचं बाळ कुठे टाकलं असेल, हा विचार काकूंच्या मनातून बरेच दिवस गेला नाही. जेवताना हमखास यायचा.

संजीवने त्यांच्याशी बोलणं टाकलं. लिलाववाल्यांशी त्याचं भांडण चालू राहिलं, तेही माकड म्हणून फसवल्याबद्दल.

सप्टेंबरमध्ये काउंटीने बाळाला पुरलं. त्याआधी ते टाके उसवून कातडं वेगळं केलं होतं. काकूंनीच तसा अर्ज दिला होता. दफनाला त्या गेल्या आणि प्रीता आली, नवऱ्याला न सांगता. खोका बुटांच्या खोक्याएवढा होता. फॉर्मवर नावाच्या जागी काय लिहायचं, असं तिथल्या माणसाने विचारलं.

"मूल लिहा," काकू म्हणाल्या. "नुसतं मूल."